पहिल्या दिवाळीचं तेल

“अहो, नुसतं बोट काय बुडवताय? चांगलं तळहातभर घ्या. पहिली दिवाळी आहे त्यांची,” कुमुद म्हणाली.

पाटाभोवती रांगोळी होती. समईच्या उजेडात आमचे नवे जावई उघड्या अंगानं मांडी घालून बसले होते आणि मी तेलाच्या वाटीत एक बोट बुडवून त्यांच्या मागं उभा होतो. मंदारराव उंच, भरल्या छातीचे, रोज सकाळी टेकडीवर पळायला जाणारे. लग्न वैशाखात झालं होतं, पण मी त्यांना तोवर कधी नीटसा शिवलोही नव्हतो. ते नमस्काराला वाकले की माझा आशीर्वादाचा हात हवेतच राहायचा.

“बाबा, लावा की,” ते हसत म्हणाले. “मला गुदगुल्या होत नाहीत.”

“असू दे, असू दे. हिनं लावलंय तेवढं पुष्कळ आहे,” असं म्हणत मी त्यांच्या खांद्यावर एक थेंब टेकवला आणि मागं सरलो.

मृण्मयी ताम्हन घेऊन उभी होती. ती म्हणाली, “आई, बाबांनी मलासुद्धा कधी तेल लावलं नाही गं. ते फक्त पुस्तकांना हात लावतात.”

“पुस्तकांनासुद्धा आधी हात धुऊन,” कुमुद म्हणाली आणि तिघंही हसली.

खोटं काही नव्हतं त्यात. माझा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. मूळ प्रत बघायची, कोश बघायचा, पुन्हा मूळ प्रत बघायची. तरी शंका उरली तर समासात पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवायचं. घरातही मी तसाच वागत आलो. कुणाला काही ठामपणे सांगितलंय असं मला आठवत नाही.

कुमुदचं तसं नाही. जावयाच्या पहिल्या दिवाळीत तेलाला हात आखडला असं व्याह्यांकडं जायला नको, म्हणून तिनं तिळाचं तेल कोमट करून त्यांना डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत असं चोपडलं होतं, की त्यांची छाती घासलेल्या पितळेसारखी चमकत होती.

खाली अंगणात पहिली माळ लागली. मृण्मयीनं ओवाळायला ताम्हन उचललं. मंदारराव तिच्याकडं बघून म्हणाले, “मृण, जरा...” आणि एका अंगाला कलंडले. आधाराला भिंत धरावी तसा त्यांनी हात पुढं केला, पण तिथं भिंत नव्हती. डोकं फरशीवर आपटलं. हातपाय दोनदा झटकले गेले आणि मग घशातून घोरल्यासारखा आवाज येऊ लागला, थांबून थांबून.

ताम्हन पडलं. निरांजन विझलं.

“फिट आली!” कुमुद ओरडली. “कांदा आणा! कांदा फोडून नाकाशी धरा!” ती त्यांच्या पायाशी बसून तळवे चोळायला लागली. “श्वास चालू आहे. अहो, बघा ना, चालू आहे ना श्वास?”

मी बघत होतो. आणि मला एक छापील पान दिसत होतं.

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली पत्रपेट्यांशेजारी काचेच्या दाराची एक पांढरी पेटी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या गद्रेबाईंच्या परदेशातल्या मुलानं ती वडिलांच्या स्मरणार्थ दिली होती. आत हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र होतं. सेक्रेटरी खटावकरांना त्या पेटीला कुलूप घालायचं होतं. सभेत ह्याला विरोध करायचा असं ठरवून मी गेलो होतो, पण बोलणं झालं नाही. शेवटी गद्रेबाईच कडाडल्या, “माणूस पडल्यावर किल्ली शोधत बसणार का तुम्ही?” कुलूप टळलं. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका कुणालाच नको होती, म्हणून ती माझ्याकडं आली. छापलेलं काही मला न वाचता टाकवत नाही. मी ती वाचली आणि पुन्हा वाचली. तेव्हापासून दूध आणायला उतरलो की काचेतून यंत्राचा हिरवा दिवा मिचकावतोय ना ते बघायचो. यंत्र आपली तपासणी आपणच करतं. काही बिघडलं तर दिवा जातो आणि ते किरकिरायला लागतं, असं पुस्तिकेत होतं. खटावकर मला तिथं गाठायचे आणि म्हणायचे, “काय सप्रे, झालं का देवदर्शन?”

त्या पुस्तिकेत डावीकडच्या पानावर लिहिलं होतं, की असे तुटक आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबलेला माणूस असे आचके देतो, आणि लोक फसतात.

पान अगदी स्पष्ट आठवत होतं. तरी मनात प्रश्नचिन्ह उमटलंच. फिटच असली तर? मी डॉक्टर थोडाच आहे?

“कांदा नको,” मी म्हणालो. फटाक्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. “मृण, एकशे आठला फोन लाव,” एवढं मात्र मोठ्यानं म्हणालो आणि जिना उतरलो.

पेटीचं दार उघडताच ती कर्कश ओरडायला लागली. माणसं गोळा व्हावीत म्हणून तिची रचनाच तशी असते. समोरचं दार उघडून खटावकर बाहेर आले. कमरेला पंचा, अर्ध्या तोंडाला उटणं.

“कोण आहे रे तिकडं? अहो सप्रे, आज सणाचं तरी...”

“मंदार,” मी म्हणालो. लाल पिशवी मी छातीशी धरली होती. “मंदार पडला.”

खटावकरांचा जन्म एस. टी.च्या डेपोत गेला होता. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. माझ्या आधी ते वर पोचले होते.

“छातीच्या मधोमध,” मी धापा टाकत सांगितलं. “दोन्ही तळहात एकावर एक. भराभर दाबा.”

“किती जोरात?”

“बरगडी मोडली तरी चालेल.”

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि दाबायला सुरुवात केली. पण पहिल्याच दाबाला त्यांचे तळहात घसरून पोटावर गेले. “च्यायला! केवढं तेल आहे हे!” असं पुटपुटत त्यांनी पंच्याचं टोक हाताखाली घेतलं आणि पुन्हा दाबू लागले.

मी यंत्राचं बटण दाबलं. आतून एका बाईचा शांत इंग्रजी आवाज आला, आणि अंगणात सुतळी बॉम्ब फुटला. मी यंत्राला कान लावला. तरी काही कळेना.

“ऐकू येत नाहीये!” मी म्हणालो. “खटावकर, मला ऐकू येत नाहीये!”

“तुम्ही दाबा.” ते उठून गॅलरीत गेले आणि डेपोतल्या आवाजात गरजले, “ए! फटाके बंद! एकसुद्धा वाजला तर तंगडं तोडीन!” अंगण चिडीचूप झालं. मग त्या बाईचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं आणि मी ते मोठ्यानं मराठीत सांगत गेलो, कारण तेवढं एकच काम मला येत होतं.

“पॅड छातीवर चिकटवा.”

पिशवीतून दोन चकत्या काढल्या. त्यांवर चित्र असतं, एक उजव्या खांद्याखाली आणि एक डाव्या काखेखाली. मी पहिली लावली. ती पोळीवर तुपाचा गोळा सरकावा तशी सरकली. दाबून धरली. हात काढताच कड सुटली. दुसरी तर फरशीवरच पडली.

“पॅड छातीला नीट चिकटवा,” बाई म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, त्याच सुरात.

त्या चकत्या म्हणजे यंत्राचे डोळे. हृदयात वीज कशी वाहतेय, नीट की नुसती थरथर चाललीय, हे यंत्र चकत्यांतूनच बघतं. त्या चिकटल्या नाहीत तर ते आंधळं असतं, आणि आंधळेपणी ते झटका देत नाही. मी टॉवेलनं छाती पुसली. तेल इकडचं तिकडं झालं. चकत्यांचा डिंकही तेलानं माखला. पिशवीत आणखी एक जोडी होती. ती शेवटची.

खटावकर दाबत होते. त्यांच्या तोंडावरचं उटणं घामानं ओघळत होतं. “सप्रे, लवकर करा हो काहीतरी,” ते म्हणाले. मंदाररावांचे आचकेही आता थांबले होते. ओठ जांभळे पडले होते.

“तेल निघत नाहीये,” मी म्हणालो. माझा आवाज रडवेला झाला होता. “कुमुद, तेल निघत नाही गं.”

कुमुदनं पाय चोळणं थांबवलं. स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली. तिला बघवलं नसेल, असं मला वाटलं.

ती परत आली ती लाडवांसाठी आणलेल्या बेसनाचा डबा घेऊन. “सरका,” ती खटावकरांना म्हणाली. ओंजळीनं पीठ छातीवर ओतलं आणि तेलकट कढई घासावी तसं दोन्ही हातांनी घासलं. पिठाचे पिवळे गोळे निघाले. ते तिनं माझ्या धुतलेल्या धोतरानं पुसून काढले. पुन्हा पीठ, पुन्हा धोतर. ती तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. काखेखाली, खांद्याखाली. कातडीवरची चमक गेली.

“आता लावा,” ती म्हणाली.

नव्या जोडीतल्या चकत्या चिकटल्या. दोन्ही.

यंत्राचा सूर बदलला. “रुग्णाला हात लावू नका. हृदयाची लय तपासत आहे.” मी ते मराठीत म्हणालो. खटावकर हात वर करून मागं सरले. कुमुदही सरली. आम्ही सगळे त्या यंत्राकडं बघत राहिलो.

“हालचाल होत आहे,” बाई म्हणाली. “हालचाल थांबवा.”

कुणीच हलत नव्हतं. मग मला मृण्मयी दिसली. ती मंदाररावांच्या उशाशी होती. त्यांचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरून गालाशी लावला होता, आणि ती पुढं-मागं झुलत होती. तो हात तिच्याबरोबर हलत होता. ती हालचाल यंत्राला दिसत होती आणि त्यामागचं हृदय दिसत नव्हतं.

“मृण, हात सोड बाळा.”

तिनं मान हलवली.

“हालचाल थांबवा.”

“मृण, यंत्राला कळत नाहीये. सोड.”

“नाही सोडणार. बाबा, तो गार पडतोय. मी सोडला तर जाईल तो.”

“हात सोड!” मी ओरडलो. असा आवाज माझ्यात असल्याचं मला ठाऊक नव्हतं. ती दचकली, पण पकड सुटली नाही. मग मी वाकून तिची बोटं एकेक करून उलगडली. हाताला तेल होतं, म्हणून ती सुटली. कुमुदनं तिला मागून मिठीत धरलं.

सगळं थांबलं. यंत्र बघत होतं.

“शॉक आवश्यक आहे. चमकणारं बटण दाबा.”

नारिंगी बटण लुकलुकत होतं. यंत्र झटक्याची तयारी करतं, पण बटण माणसाला दाबावं लागतं. माझं बोट त्यावर होतं, आणि इथं पेन्सिलीनं काही लिहून ठेवायला समास नव्हता.

“लांब व्हा सगळे,” मी म्हणालो, सगळ्यांचे हात बघितले, आणि दाबलं.

त्यांचं अंग पाटासकट हललं. रांगोळीवर त्यांची टाच घासली गेली. मृण्मयी किंचाळली.

“शॉक दिला आहे. आता रुग्णाला हात लावायला हरकत नाही. छाती दाबायला सुरुवात करा.”

खटावकरांच्या हातात आता जोर उरला नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो आणि त्या छातीवर तळहात ठेवले. पिठाचा आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता. दाबत राहिलो. किती वेळ ते आठवत नाही. मग बाईनं पुन्हा हात काढायला सांगितलं, पुन्हा तपासलं.

“शॉकची गरज नाही.”

“आला का?” खटावकर म्हणाले. मंदाररावांचे डोळे अर्धवट उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. खटावकरांनी ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “सप्रे, यंत्रानं सोडलं हो.”

“बाबा, म्हणजे काय?” मृण्मयीनं माझा दंड धरला. “तुम्ही वाचलंय ना सगळं? काय म्हणतंय ते?”

मी वाचलं होतं. यंत्र थरथरणाऱ्या हृदयालाच झटका देतं. हृदयानं आपली लय धरली असेल तर ते नको म्हणतं. आणि हृदय अगदीच निपचित पडलं असेल, तरीही ते नकोच म्हणतं. दोन्हींना एकच वाक्य.

“दोन्ही असू शकतं,” मी म्हणालो.

माझ्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरलेलो नाही. जन्मभर मी सगळ्यांना हेच उत्तर देत आलो होतो.

“पण दाबत राहायचं,” मी म्हणालो. “तो श्वास घेईपर्यंत. एवढं नक्की आहे.”

दाबायला लागलो. तळहाताखाली काहीतरी कट्‌कन वाजलं.

“मोडलं हो काहीतरी!” कुमुद म्हणाली.

“मोडू दे.”

मृण्मयी सांगते, की मी सारखा बोलत होतो. “ऊठ. ऊठ रे. पहिली दिवाळी आहे तुझी. ऊठ की रे.” मला ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की माझे हात भरून आले होते, चष्मा घामानं घसरून पडला होता, जिन्यात बुटांचे आवाज येत होते आणि मला वाटत होतं की मी मेलेल्या माणसाच्या बरगड्या मोडतोय. आणि मग एक तेलकट हात माझ्या मनगटावर आला आणि त्यानं मला ढकललं. जोर काहीच नव्हता. चिडलेल्या झोपाळू माणसानं ढकलावं तसं.

अँब्युलन्सची माणसं आत आली तेव्हा मी अजून तो हात तसाच धरून बसलो होतो.

पुढचे दिवस दवाखान्याच्या बाकावर गेले. त्यांच्या हृदयातल्या विजेत जन्मापासूनच दोष होता, कधी कळला नव्हता. डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवलं. आता तेच आतून पहारा देणार होतं, लय बिघडली तर आतल्या आत झटका देणार होतं आणि स्वतः थकायला आलं की पीं पीं करून कळवणार होतं. विहीणबाई नाशिकहून आल्या. चांगल्या बाई, पण आईच ती. दवाखान्याच्या व्हरांड्यात पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “एवढी वर्षं आमच्याकडं पाटावर बसला. तुमच्याच पाटावर कसं हो व्हायचं होतं?”

 घरी येऊन कुमुदनं उरलेलं तिळाचं तेल मोरीत ओतलं. एकदा भांडी घासता घासता मला विचारलं, “मी एवढं तेल घातलं नसतं, तर ते पहिल्यांदाच चिकटलं असतं ना?”

“काढलंसही तूच,” मी म्हणालो.

“मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय.”

मी घासलेली भांडी विसळायला घेतली. उत्तर तिला माहीत होतं.

पुढच्या दिवाळीला ती दोघं आली. कुमुदनं पाट काढलाच नाही. सकाळी मंदारनं स्वतः तो माळ्यावरून काढला, पुसला, आणि सदरा काढून त्यावर मांडी घालून बसला. त्याला त्या सकाळचं काही म्हणता काही आठवत नव्हतं.

“सगळे सांगतात मी इथं बसलो होतो,” तो म्हणाला. “मला काही ते पटत नाही. त्यामुळं माझी पहिली दिवाळी आज आहे. आई, तेल!”

कुमुद स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तेलाचं काय एवढं? नुसती ऊन पाण्यानं आंघोळ करा.”

“सणाला बिनतेलाची आंघोळ? नाशिकला कळवतो हां.”

“आई, अगं घाल ना,” मृण्मयी म्हणाली.

“नको म्हटलं ना!” कुमुदचा आवाज चिरकला. तिची नजर त्याच्या छातीवर होती आणि दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून घेतले होते.

मी आत गेलो. तिळाचं तेल घरात नव्हतंच. फोडणीच्या डब्याशेजारचं गोडेतेल वाटीत ओतलं, गॅसवर धरलं, वाटी चटका देऊन गेली. बाहेर येऊन त्याच्यामागं बसलो.

“मान खाली घाल,” मी म्हणालो.

मृण्मयीनं आईकडं बघितलं. मंदारनं मान खाली घातली. मी तळहातभर तेल त्याच्या टाळूवर थापलं. मानेवर, खांद्यांवर, पाठीवर. माझा हात बेंगरूळ होता, तेल पाटावर सांडत होतं. मग पुढं येऊन छातीला लावायला लागलो. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत काड्यापेटीएवढं काहीतरी लागलं. मी थांबलो.

“दुखतं का रे?”

“ते नाही दुखत. थंडीत बरगड्या दुखतात. त्या तुमच्या कृपेनं.”

मी आणखी खाली गेलो आणि तळहात तिथंच ठेवला. आत ठोके पडत होते. एकामागून एक, कुणाला काही न विचारता.

कुमुद दारातून हलली नव्हती. मी दुसरा हात तिच्याकडं केला.

“ये,” मी म्हणालो. “इथं हात ठेव.”

तिनं मान हलवली.

“ये गं. आता हात लावायला हरकत नाही.”